दीड लाखाचा बास घेऊ का?

ताई, नमस्कार.

मी साताऱ्याचा, वय २७. एमआयडीसीत नोकरी करतो आणि ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, हळदी, वाढदिवस असे कार्यक्रम असतात, बिदागी दोन हजार. माझ्याकडे यामाहाचा चार तारांचा टीआरबीएक्स १७४ आहे, कॉलेजात असताना घेतलेला. महिन्यातून एका रविवारी आम्ही काही बासवाले पुण्यातल्या एका जॅमरूममध्ये जमतो. कुणी नवा अ‍ॅम्प आणतो, कुणी जुना जपानी बास. कुणी कुठे काय वाजवलं याच्या गप्पा होतात. तिथे माझा बास बॅगेतून काढायची लाज वाटते. मला फेंडर कंपनीचा अमेरिकन जॅझ बास घ्यायचाय, पाच तारांचा. जॅको पास्टोरियस या अमेरिकन बासवाल्याचा आवाज डोक्यातून जात नाही. जुना विकून वर दीड लाखाचं कर्ज काढावं लागेल, दोन वर्षं महिना ७,३०० हप्ता. आमचे गायक काळी एक, काळी दोन या पेटीच्या पट्ट्यांत गातात, तिथे चार तारांत खाली जागाही पुरत नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही. त्यात परवा ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले, 'बास काय, कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानेही निघतो.' तेव्हापासून चैन नाही. काय करू?

– एक बासवाला, सातारा

*

कर्ज काढू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. हप्त्यांची बेरीज १,७५,००० च्या वर जाते, म्हणजे पंचवीस हजार नुसतं व्याज. बिदागीतून महिन्याला चार कार्यक्रम या हप्त्यालाच लागतील. गणपती-नवरात्रात ते जमेलही. आषाढात जेव्हा एकही सुपारी नसते, तेव्हा हप्ता पगारातून जाणार, आणि तो पगार तुझ्या एकट्याचा नाही. म्हणून बायकोशी आजच बोल. कर्ज काढ किंवा काढू नकोस, पण हा विचार मनात आहे हे तिला तुझ्याच तोंडून कळायला हवं.

आता मालकांच्या बोलण्याकडे येऊ. तुझी झोप त्याने उडवली आहे आणि दीड लाखाची घाईही तिथूनच आली असावी, असं मला वाटतं. महागडा बास गळ्यात असला की कुणी काढणार नाही, असा काहीसा हिशोब मनात असेल तर तो सोडून दे. मालकांना बासच्या माथ्यावरचं, हेडस्टॉकवरचं कंपनीचं नाव दिसत नाही. त्यांना दिसतो एक माणूस, एक बिदागी, गाडीतली एक जागा. कीबोर्डवाला डाव्या हाताने बास वाजवतो हे खरंच आहे, कितीतरी ऑर्केस्ट्रे तसेच चालतात. त्यामुळे त्या डाव्या हाताला जे जमत नाही ते तुला जमतंय का, आणि ते ड्रमरला, ढोलकीवाल्याला, गायिकेला जाणवतंय का, यावर तुझी जागा ठरणार आहे.

कीबोर्डवाल्याचा उजवा हात कॉर्ड्स आणि म्युझिक पीसेस सांभाळत असतो. डावा हात मूळ स्वर दाबतो, आणि बहुतेक वेळा पुढचा कॉर्ड येईपर्यंत दाबूनच ठेवतो. स्वर कधी सोडायचा याकडे लक्ष द्यायला त्याला सवडच नसते. बासवाल्याचं निम्मं काम तिथे आहे. साधा केहरवा घे. समेवर षड्ज वाजवलास, पाचव्या मात्रेवर पंचम, आणि आठवीवर पुढच्या कॉर्डकडे नेणारा एखादा स्वर. इतकं सगळेच वाजवतात. आता समेवरचा षड्ज तिसऱ्या मात्रेवर, स्नेअरचा फटका पडतो नेमक्या त्याच क्षणी, डाव्या हाताचं बोट सैल करून बंद कर. बोट उचलू नकोस, नुसतं सैल कर, म्हणजे तार खरखरणार नाही. स्नेअर एकदम मोकळा वाजेल, ड्रमर न सांगता तुझ्याकडे बघेल. मग तोच स्वर पाचव्या मात्रेपर्यंत लांबव, गाणं लगेच जड आणि संथ वाटायला लागेल. लय तीच, स्वर तेच, फक्त स्वर संपण्याची जागा बदलली. मोबाइलवर मेट्रोनोम लावून रोज एवढंच कर. रेकॉर्डही कर, पण ऐकताना हेडफोन लाव. तुझ्या मोकळ्या जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे, मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, फक्त वरचे ध्वनी ऐकवतो.

लावणीला बसशील तेव्हा उलट वाग. तिथे ढोलकीची डावी पुडी तुझ्याच मुलखात बोलत असते, आणि तिची घुमक सरकती असते. तिच्यावर भराभर स्वर टाकलेस तर दोघांचाही चिखल होतो. समेवर ये, ओळ संपताना ये, मधली जागा ढोलकीला दे. गायिका दुसऱ्या कडव्याला जाते तेव्हा एक आवर्तन पूर्ण गप्प राहून पुन्हा समेवर उतरून बघ. प्रेक्षकांना काय झालं ते सांगता येणार नाही, पण पाय हलतील.

कीबोर्डवाल्याशी भांडू नकोस, तोही हातावर पोट असलेला कलावंत आहे. तालमीत त्याला एवढंच म्हण, 'दादा, या दोन गाण्यांत डावा हात मधल्या 'सा'च्या वरच ठेवता का? खालचं मी बघतो.' दोघांनी एकाच सप्तकात मूळ स्वर वाजवला की आवाज वाढत नाही, गढूळ होतो. ती दोन गाणी मालकांना समोर, साऊंडवाल्याच्या टेबलापाशी उभं राहून ऐकू देत. तुझी बाजू तिथे तुझ्या बोलण्याविना मांडली जाईल.

आता वाद्य. तुला लाज वाटते त्या बासबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुझ्या हातात काय आहे ते तू नीट पाहिलेलं दिसत नाही. टीआरबीएक्स १७४ ला पुढे दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबक) आहे, फेंडरच्याच प्रिसिजन बासला असतो त्या धर्तीचा. मागे ब्रिजजवळ एकेरी पिकअप आहे, जॅझ बासच्या धर्तीचा. दोघांचे व्हॉल्यूम वेगवेगळे. पुढचा पूर्ण उघड, मागचा बंद कर, टोन निम्म्यावर आण, आणि बोटं नेकच्या टोकाशी नेऊन वाजव. गोल, जाड, जुन्या फिल्मी गाण्यांना शोभणारा आवाज. मग पुढचा बंद कर, मागचा उघड, बोटं ब्रिजपाशी आण, जिथे तार कडक लागते. नाकातून बोलल्यासारखा, मध्य सप्तकात ठसठशीत. जॅकोचा हात तिथेच असायचा. अर्थात त्याच्या १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून टाकलेले होते आणि फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर दिलेला होता. तू फ्रेटवाला जॅझ बास, तोही पाच तारांचा घेतलास तर तो आवाज दुकानातून बॅगेत येणार नाही. तो डोक्यातून जात नसेल तर एखाद्या ओळखीच्याचा फ्रेटलेस आठवडाभर मागून घे आणि एक संथ भावगीत त्यावर सुरात वाजवून बघ. कान किती तयार आहेत ते तिथे कळतं, आणि तो आठवडा तुला बरंच शिकवून जाईल.

यामाहा वाईट वाजत असेल तर बहुधा त्याचा सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची जुळणी, गेला आहे. साताऱ्याचा पाऊस आणि मग कोरडा उन्हाळा, या फेऱ्यात लाकडी नेक हलतोच, कधी पुढे वाकतो, कधी मागे. तूच तपासू शकतोस. बास सुरात लावून मांडीवर घे. डाव्या हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर दाब, उजव्या हाताने तीच तार नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे दाब. ताणलेली तार आता पट्टीसारखी सरळ आहे. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघ. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकी. कार्ड ढिलं पडत असेल तर नेक पुढे वाकलाय. फट अजिबात नसेल, तार फ्रेटला चिकटलेली असेल, तर मागे वाकलाय, आणि खालच्या फ्रेटवर तुला खरखर ऐकू येत असणार. नेक सरळ करणारी आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, फिरवल्यावर पुन्हा सुरात लावून बघावं. रॉड अडला तर जोर न लावता कारागिराकडे न्यावा. नेक सरळ झाल्यावरच ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, खाली-वर करायचे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असली की बोटं दुखत नाहीत. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवून बघ. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. तू वरच्या फ्रेटवर वाजवताना गायक 'बेसूर होतंय' म्हणत असेल तर बहुधा हेच कारण.

एवढं करूनही तुझ्या मैदानातल्या कार्यक्रमात बास पातळ वाजत असेल, तर जॅक कुठे जातोय ते बघ. तुझा बास पॅसिव्ह आहे, त्यात बॅटरी नाही. असा बास लांब केबलने थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घातला की जीव गेल्यासारखा वाजतो. त्या इनपुटचा रोध साधारण दहा हजार ओहमचा असतो, पिकअपला समोर दहा लाखांच्या आसपास लागतो. मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स हवा, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी. तो मिक्सरकडून केबलनेच येणाऱ्या ४८ व्होल्ट विजेवर, म्हणजे फँटमवर चालतो, नाहीतर आत नऊ व्होल्टची बॅटरी घालायची. साऊंडवाल्याकडे असेलच असं धरून चालू नकोस, स्वतःचा बॅगेत ठेव. 'बास कीबोर्डवर निघतो' असं म्हणणाऱ्या किती मालकांनी डीआयशिवायचाच बास आयुष्यभर ऐकलाय! कीबोर्डला हा त्रास नसतो, त्याचा सिग्नल मुळातच दमदार असतो. त्यामुळे तुलना सुरुवातीलाच तुझ्या विरोधात जाते.

स्टेजवर स्वतःचा आवाज कमी वाटला म्हणून अ‍ॅम्प वाढवत जाऊ नकोस. ४१ हर्ट्झची एक लाट सुमारे आठ मीटर लांब असते, ती भिंतींवरून परतून कुठे साठते, कुठे विरते. तू अ‍ॅम्पला चिकटून उभा असतोस तेव्हा तुला हॉलमधलं फारसं काही कळत नाही, आणि कार्यालयाच्या मागच्या कोपऱ्यातल्या पंगतीत ताटं थरथरत असतात. साऊंड चेकला लांब केबल किंवा एखादा मित्र वापर, दहा-पंधरा पावलं पुढून ऐक. उघड्या मैदानात मात्र भिंती नसतात, तिथे खालचं सगळं निघून जातं, मध्य सप्तक जरा वाढवावं लागतं.

पाच तारांचा प्रश्न खरा आहे, त्याला उडवून लावत नाही. तुझी सर्वांत खालची तार पांढरी तीन. काळी एकचा षड्ज तुला दुसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटवर मिळतो, ६९ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खालचा, ३५ हर्ट्झच्या जवळचा, फक्त पाचव्या तारेवर आहे. पण तुमच्या कार्यक्रमांना जे सब-वूफर येतात त्यांपैकी किती त्या खोलीत स्वच्छ वाजतात? बरेचसे चाळीसच्या खाली दम सोडतात, नुसतं धडधडतात. जुनी हिंदी-मराठी गाणी तर चार तारांतच वाजलेली आहेत, आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बासवर टोनी वाझ असत, ते ऐक. नव्या गाण्यांत सिंथ बास खाली जातो हे मान्य. त्यासाठी जाड तार अर्धा स्वर उतरव, काळी दोनचा मोकळा षड्ज हातात येईल. पूर्ण स्वर उतरवलीस तर पांढरी दोन. त्याहून खाली उतरवू नकोस, तार लोंबते. एवढ्यावर तुझ्या दहा गाण्यांपैकी आठ भागतील. उरलेल्या दोनांसाठी पाचवी तार हवीच असं वर्षभर वाजवून वाटलं, तर चार-पाच वेगवेगळ्या पाच-तारी वाद्यांवर हात टाकून बघ. नेक रुंद होतो, आणि न वाजणारी पाचवी तार उजव्या अंगठ्याने सतत दाबून धरावी लागते, नाहीतर ती आपोआप घुमत राहते. ती सवय लागायला महिने जातात.

त्या रविवारच्या बैठकीचं मला फार कौतुक वाटलं. बासवाला बँडमध्ये एकटा असतो. गिटारवाल्याला दुसरा गिटारवाला भेटतो, आपल्याला आपला माणूस भेटत नाही. अशी बैठक मिळाली आहे तर ती नीट वापर. बास बॅगेतून काढ आणि शेजारच्याला म्हण, 'जरा वाजवून बघ, नेक कसा वाटतो?' जुना जपानी बास ज्याच्याकडे आहे त्याला विचार की तारा कुठल्या, उंची किती, आवाज कुठल्या पिकअपचा. त्याच्या वाद्यावर तुझ्या ऑर्केस्ट्राचं एक पूर्ण गाणं, मुखड्यापासून शेवटापर्यंत, वाजवून बघायची परवानगी माग. दुकानात पाच मिनिटं स्लॅप करून, म्हणजे अंगठ्याने तारा आपटून, काही कळत नाही. तिथे कामंही वाटली जातात हे तुझ्या लक्षात आलं असेल. एखाद्याच्या दोन तारखा भिडल्या की तो दुसऱ्याला फोन करतो. फोन कुणाला जातो ते नीट बघ: जो वेळेवर येतो, ज्याला गायकाने 'काळी चार' म्हटल्यावर दोनदा विचारावं लागत नाही, ज्याच्या बॅगेत जादा केबल आणि स्वतःचा डीआय असतो. वाद्य कोणतं हे फोनवर कुणी विचारत नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतं ते वाद्य सांगते, कारण त्या बैठकीत कुणीतरी तुला ते जुनाट म्हणणारच. प्रिसिजन बास, त्यावर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेटोळ्यांच्या गुळगुळीत तारा. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५१ मध्ये तो बाजारात आणला. त्याआधी बास म्हणजे माणसाएवढा डबल बास, त्यावर फ्रेट नाहीत, वाहून नेणं मुश्कील आणि ड्रमपुढे ऐकू येणं त्याहून मुश्कील. फ्रेट आले, सूर जागेवर बसला, आणि वाद्य खांद्याला लटकवून बसमध्ये चढता आलं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर वाजवायचा. तारा जाड, फ्लॅटवाउंड, उंच चढवलेल्या, आणि तो त्या सहसा बदलत नसे. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के प्रिसिजनवर पिक घेऊन, तारांवर फेल्टचा तुकडा लावून रेकॉर्डिंगमागून रेकॉर्डिंग करत होती. जेमर्सनचं नाव वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर छापलं गेलं नाही. पण साठच्या दशकातली ती गाणी कुठल्याही रेडिओवर लागली की त्याचा बास काढून ती ऐकण्याची कल्पनाही करता येत नाही. तुझ्या मालकांचं वाक्य आठवलं की ती ऐक. मोहिनी डेचं स्लॅप तुम्ही सगळेच बघत असाल, मुंबईच्या या मुलीने ते हात कमावले आहेत. पण ती गायकाच्या मागे उभी असते तेव्हा काय वाजवते, आणि काय वाजवत नाही, तेही बघ. चेन्नईचे कीथ पीटर्स यांनी रहमानसाठी वाजवलेलं ऐक. कॉर्ड बदलताना ते आधीच्या स्वरावरून निघतात कसे, तेवढंच ऐकायला एक संध्याकाळ पुरत नाही.

अमेरिकन जॅझ बास एक दिवस जरूर घे. सुंदर वाद्य आहे, आणि ते मनापासून हवं वाटणं यात गैर काही नाही. बिदागीतून दर कार्यक्रमाला पाचशे बाजूला टाक, बायकोला तो डबा कुठे ठेवलाय ते माहीत असू दे. पैसे साठतील तोवर तुला सांगता आलं पाहिजे की यामाहातून नेमका कोणता आवाज निघत नाही, कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी. ते सांगता आलं की मुंबईला धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात जा, आपल्या तारा, आपला हात आणि तेच गाणं घेऊन बस.

आत्ता पैसे खर्चायचेत तर क्रम असा ठेव. आधी सेटअप, पावसाळा संपल्यावर, म्हणजे नवरात्राच्या तोंडावर. मग डीआय बॉक्स आणि एक चांगली केबल. मग रुंद पट्टा, साडेतीन इंची, खांदा वाचतो. कानात घालायचे वादकांचे प्लग, कारण तू दर कार्यक्रमाला झांजांशेजारी उभा राहतोस आणि गेलेले कान परत येत नाहीत. सगळं मिळून तुझ्या दीडेक हप्त्यात बसेल. तारा नेहमीच्याच मापाच्या, ४५ ते १०५ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घे. फ्लॅटवाउंड घ्यायच्या असतील तर नेकच्या टोकाला तारा जिथून जातात त्या नटच्या खाचांत त्या नीट बसतात का, हे सेटअप करणाऱ्याला तारा लावण्याआधीच दाखव. आणि नेकवरचा ताण बदलणार असल्याने, ट्रस रॉड नव्या तारा चढवल्यानंतरच जुळवायला सांग.